नकाशातलं बदक

प्रज्योतने झेरॉक्स मेजावर पसरली आणि शिवदास मास्तरांना आधी आनंदच झाला. खोटं कशाला सांगा? पस्तीस वर्षांपूर्वी आपण घरच्या कंप्युटरवर छापलेला गावाचा नकाशा कुणीतरी पंचायतीच्या फायलीतून शोधून काढावा, कोपऱ्यातला जुना शिक्का नीट उमटेल अशी त्याची प्रत करावी आणि अदबीनं आपल्यापुढे ठेवावी, एवढं भाग्य निवृत्त मास्तरांच्या वाट्याला रोज येत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा चढवला.

"ओळखलात, सर?" प्रज्योतने विचारलं. तो त्यांचाच विद्यार्थी. आता चाळिशीला आलेला, आणि विमानतळाच्या पाहुण्यांसाठी हॉटेल बांधायला निघालेल्या कंपनीत गावकऱ्यांशी बोलणी करायच्या कामावर.

"न ओळखूक काय झाला? माझोच तो," मास्तर म्हणाले. "सात फेऱ्यांनी छापललो."

"उद्या धा वाजता पाहणी आसा. तालुक्यातसून मॅडम येतली. कंपनी तिच्यापुढे ह्योच नकाशो ठेवतली, सर. तुमी फक्त सांगा, नकाशो माझो आणि बरोबर आसा. बाकीचा आमी बघतंव."

मग प्रज्योतने बोट ठेवलं ते रस्त्याच्या रेघेखाली एकट्या बसलेल्या बदकावर, आणि मास्तरांचा आनंद जागच्या जागी आटला.

मोपाच्या सड्याखाली, म्हणजे विमानतळाच्या पठाराखाली, उतरणीवर त्यांचा वाडा, वीस-बावीस घरांचा. कंपनीने रस्त्याच्या वरच्या अंगाची जमीन घेतली होती. पंधरा दिवसांपूर्वी तिथे जेसीबी आला आणि पुरुषभर उंचीचा तांबड्या मातीचा भराव घालून गेला. त्या भरावाखाली वाड्याची झर होती, जिवंत झऱ्याची लहानशी तळी. नळाला पाणी तीन दिवसांआड, तेही करंगळीएवढं. मे महिन्यात वाडा जगायचा तो झरीवर. लोकांनी तक्रार केली. कंपनीने शांतपणे उत्तर दिलं की आमच्या जमिनीत झर कधी नव्हतीच, ती रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. तिथे रस्त्याखालच्या मोरीतून झरीचं वाहून आलेलं पाणी साचायचं, त्यामुळे कंपनीचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. वाड्याकडे कागद एकही नाही. कंपनीकडे मात्र होता. पंचायतीच्या शिक्क्याचा, कंप्युटरचा, खुद्द मास्तरांच्या सहीचा. त्यात बदक रस्त्याखाली होतं, आणि बदक म्हणजे झर, असं खाली सूचीत मास्तरांनीच लिहून ठेवलं होतं.

आता हे बदक आलं कुठून, ते सांगायला हवं. मास्तरांचा मेव्हणा महादेव बोटीवर कामाला होता. एकदा मुरगावला बोट लागली तेव्हा त्याने एक कंप्युटर उतरवला. टीव्हीला जोडायचा, सोबत करकरणारा प्रिंटर आणि फ्लॉपीवर एक छपाईचा प्रोग्राम. शुभेच्छापत्रं काढा, पाट्या काढा, आणि त्यात घालायला ठिपक्याठिपक्यांची साठ चित्रं तयार. चित्रं सगळी परदेशी. समई नाही, कलश नाही, माड नाही. म्हणून मास्तरांनी जे होतं त्यावर भागवलं. शाळेच्या शारदोत्सवाच्या पत्रिकेवर त्यांनी मोर म्हणून टर्की कोंबडा छापला आणि सगळ्या गावाने कौतुकाने तो मोर म्हणून बघितला. गावात वाचनालय उघडलं तेव्हा पंचायतीने नकाशा मागितला. मास्तरांनी देवळासाठी किल्ला घेतला, वडासाठी नाताळचं झाड, शाळेला घंटा, दुकानाला कप, पोस्टाला पाकीट, वाटेला बूट. झरीचं चित्र काही सापडेना. पण बदक सापडलं, आणि बदक असेल तिथे पाणी असायचंच.

"सर, आणि ह्या बघा." प्रज्योतने दुसरा कागद काढला. "तुमच्या घराकडे येवची वाट आमच्या जमनीतसून येता. तुमच्याकडे तेचो कागद नाय. पण नकाशात बूट आसा. नकाशो मानलो तर बूट पण मानूक लागता. कंपनी लिहून देता, 'सन १९९० च्या नकाशात दाखवल्याप्रमाणे वाट कायम.' उद्या पाहणी झाली की सही."

"आणि नकाशो मानलो नाय तर?"

प्रज्योत वाईट मुलगा नव्हता. त्याने खिडकीतून बाहेर बघितलं, दाराशी टेकवलेल्या काठीकडे बघितलं आणि दुसरा कागद खिशात घालून, झेरॉक्स मेजावर तशीच ठेवून तो गेला.

काठी पद्मावतीबाईंची. मास्तरांच्या पत्नीचे दोन्ही गुडघे गेलेले. एकाचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याची तारीख ठरायची होती, आणि आठवड्यातून दोनदा पेडण्याला व्यायामासाठी जावं लागे. त्या वाटेने रिक्षा थेट अंगणात यायची. ती वाट बंद झाली तर उरणार होत्या त्या चिऱ्याच्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, घरापासून रस्त्यापर्यंत, कठडा नसलेल्या.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी मास्तरांची गत झाली. कारण झर कुठे होती ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. लहानपणी ते तिथेच पोहायला शिकले होते. झर रस्त्याच्या वरच होती, जिथे आता भराव होता बरोबर तिथे. आणि बदक खाली का गेलं, हेही त्यांना ठाऊक होतं. गेली पस्तीस वर्षं ते त्यांनी एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

पद्मावतीबाई आतून सगळं ऐकत होत्या. मास्तरांनी ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रयत्न केला, झेरॉक्स वर्तमानपत्राखाली सरकवली. पण त्या बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "माका ती वाट होयी."

"झर वर होती गो. तुका ठावक आसा."

"आसा ठावक. माका गुडघ्यांचा पण ठावक आसा. तुमी उद्या जाव नकात. ताप इलो म्हणान सांगा. नकाशो बोलतलो, तुमका बोलूक नको."

"शेजारची भागीरथी काकी पाणी खयसून हाडतली? पंचाहत्तर वर्सांची बाई."

"आणि माझी वर्सां कोण मोजता?" त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "जन्मभर तुमच्या हुशारीचा ऐकत इलंय. एकदा त्या हुशारीचो माका फायदो होता, तर तो पण तुमका सोसणा नाय."

मास्तरांनी ठरवलं, जायचं, पण बोलायचं नाही. विचारलं तर नकाशा माझा एवढंच सांगायचं. ते तर खरंच होतं. तोंडात मूग धरून उभं राहायला काय लागतं? माणसाला स्वतःला फसवायचं असलं की असे मध्यममार्ग भराभर सुचतात.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच वाडा रस्त्यावर जमला. ऊन चढलं होतं. भरावावर जेसीबी उभा, त्याच्या सावलीत बेळगावकडचा ड्रायव्हर बसलेला. मॅडम, म्हणजे तपासणी अधिकारी संजना, जीपमधून उतरल्या त्या थेट कामालाच लागल्या. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं. त्यांनी भरावाभोवती एक फेरी मारली, मोरी बघितली, वाड्यातल्या चार-पाच जणांना विचारलं. सगळ्यांनी भरावाकडे बोट केलं. प्रज्योत शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही सगळी तक्रारदार माणसं. ती तसंच सांगणार. आमच्याकडे कागद आहे. भांडण सुरू व्हायच्या पस्तीस वर्षं आधीचा."

मॅडमनी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला. बराच वेळ बघितला.

"हे बदक काय आहे?"

"झर," प्रज्योत म्हणाला. "खाली सूचीत लिहिलंय. आणि नकाशा करणारे सर इथंच आहेत."

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या.

"नकाशा तुमचा?" मॅडमनी विचारलं.

"माझा."

"बरोबर आहे?"

मास्तर चष्मा काढून पुसू लागले. गर्दीत कुजबुज सुरू झाली. मागे कुणीतरी म्हणालं, बदक खाली कसा? आणि तेवढ्यात भागीरथी काकी पुढे आली. साठ वर्षं त्या झरीवरून कळशी आणलेली बाई. तिने नकाशावर वाकून बघितलं, रस्त्याची रेघ बघितली, रेघेखालचं बदक बघितलं. मग ती भरावाकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू गोंधळत गेला.

"मास्तराचो नकाशो चुकचो नाय, बाय," ती मॅडमना म्हणाली. "तो कंप्युटरार केललो. आमी अडाणी माणसां. खालीच आसतली काय गे झर? मीच इसारलंय आसतलंय. हल्ली माका काय याद रवणा नाय."

ती हे मनापासून बोलली. मास्तरांना वाचवायला नव्हे आणि टोमणा म्हणूनही नव्हे. आपल्या साठ वर्षांच्या पावलांपेक्षा तिने त्या बदकावर विश्वास ठेवला. मागच्या दोन बायकाही माना डोलावू लागल्या. बघता बघता वाडा आपली झर विसरायला लागला होता, आणि तेही मास्तरांच्या हुशारीपायी. मास्तरांना स्वतःची शरम वाटली.

"काकी, तू इसारलंस नाय," ते मोठ्याने म्हणाले. "नकाशो चुकीचो आसा."

"सर," प्रज्योत हळूच म्हणाला, "विचार करून बोला."

"काल दिवसभर तोच केला, बाबा." मग ते मॅडमकडे वळले. "मॅडम, झर वर होती. मी ती खाली छापली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का?"

"जागा नव्हती म्हणून."

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "सर, पस्तीस वर्षांपूर्वी तुम्हाला इथं कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं. आज तुमच्या शेजाऱ्यांचं पाणी अडकलंय. मग मी विश्वास कुणावर ठेवू, तेव्हाच्या तुमच्यावर की आजच्या?"

"कुणावरच नको," मास्तर म्हणाले. "पट्टी आहे का तुमच्याकडे?"

जीपमधून पट्टी आली. मास्तरांनी ती हातात घेतली आणि चाळीस वर्षं फळ्यापुढे जसे उभे राहिले तसे बॉनेटपुढे उभे राहिले. फरक इतकाच की आजचा धडा स्वतःच्याच चुकीचा होता.

"त्या प्रोग्रामात चित्र हवं तिथं ठेवता येत नसे. पानावर पंधरा घरं ठरलेली. तीन ओळी, एका ओळीत पाच. चित्र घरातच बसणार, घराबाहेर नाही. आणि एका वेळी एकाच जातीचं चित्र छापायचा. सात चित्रं म्हणून तोच कागद मी सात वेळा मागं गुंडाळून प्रिंटरात घातला. मोजा तुम्ही. घंटा ते कप."

मॅडमनी पट्टी लावली. "अडतीस मिलिमीटर."

"कप ते पाकीट?"

"अडतीस."

"शाळा ती बघा, आणि दुकान ते. मध्ये वीस पावलं. आणि पोस्ट इथून दिसतसुद्धा नाही, वळणापलीकडं अर्धा किलोमीटर. नकाशात दोन्ही अंतरं सारखी. गाव कधी असं रांगेत बसतं का, मॅडम? शाळेच्या कवायतीला मुलं बसतात तसं?"

मॅडमनी बाकीची अंतरंही मोजली. प्रत्येक वेळी अडतीस. त्यांनी मान वर करून शाळेकडे, दुकानाकडे, लांबच्या वडाकडे बघितलं.

"आणि रस्ता?"

"रस्ता मी नंतर शाईनं काढला. चित्रं आधी, रस्ता मागून. दोन ओळींच्या मध्ये जिथं मोकळी जागा मिळाली तिथून. मधल्या ओळीत घंटा, कप, पाकीट, बूट आणि झाड, पाची घरं भरली. बदक उरलं."

"पण वरच्या ओळीत नुसता किल्ला आहे. चार घरं रिकामी. बदक तिथं का नाही बसवलंत? निदान रस्त्याच्या वर तरी राहिलं असतं."

हाच प्रश्न. पस्तीस वर्षं मास्तर त्याला भीत होते.

"किल्ला म्हणजे देऊळ, मॅडम," ते म्हणाले. "देवाच्या बरोबरीनं, त्याच ओळीत, बदक बसवायचं मन होईना. गाव नावं ठेवील असं वाटलं. खाली घातलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही असं वाटलं. तसंच झालं. छापून आल्यावर चूक दिसली होती मला. पण सगळे मास्तर मास्तर म्हणून पाठ थोपटत होते. मग सांगायचं राहिलं ते राहिलंच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मास्तरांना वाटलं. पण छातीवरचा धोंडा मात्र सरकला होता.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही हे म्हणता त्याचा अर्थ समजतोय ना? बदकापुरता नकाशा चुकीचा आणि बाकी बरोबर, असं मला लिहिता येणार नाही. बाद झाला तर सगळाच बाद. यातलं काहीही पुढं कुणाला पुरावा म्हणून वापरता येणार नाही."

प्रज्योतने मास्तरांकडे बघितलं. त्याच्या खिशातून कालच्या कागदाचं टोक दिसत होतं. मास्तरांना अंगणात वळणारी रिक्षा दिसली, तिच्यात एक पाय आधी आणि एक मागाहून टाकत बसणारी बायको दिसली. शेवटच्या क्षणी माघार घ्यायला अजून जागा होती.

"सगळोच बाद," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांना पेन दिलं. नकाशाच्या आडवं, किल्ल्यावरून बुटावरून, मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'हा नकाशा अंतर व दिशा यांना धरून नाही. चित्रे जागा मिळेल तशी बसवली आहेत.' खाली सही केली, तारीख घातली. प्रज्योतने खिशातला कागद आत सारला.

"आता कुणाकडेच कागद नाही," मॅडम म्हणाल्या. "मग मातीच बघू. माझ्यासमोर भराव काढा. आज्जी, जागा दाखवा."

भागीरथी काकी भरावावर चढली. दोन पावलं इकडे, तीन तिकडे. मध्येच थांबून ती मास्तरांकडे वळली, जणू अजूनही त्यांनी सांगावं. मास्तर ओठ घट्ट मिटून उभे राहिले. शेवटी तिने डोळे मिटले आणि कमरेवर कळशी असल्यासारखी वाकडी होऊन चार पावलं टाकली. "हय," ती म्हणाली.

जेसीबी घुरघुरला. पहिलं बकेट तांबडं, दुसरं तांबडं, दहावंही तांबडंच. अर्धा तास गेला. मॅडमनी घड्याळ बघितलं, प्रज्योतने दोनदा फोन कानाला लावला. खड्डा माणसाच्या डोक्याइतका खोल गेला तरी माती कोरडी ठणठणीत. मास्तरांच्या मनात भलतंच येऊ लागलं. वाटही गेली, झरही गेली, आणि वर आपण खोटे ठरलो. काकी खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून ड्रायव्हरला बजावत होती, "हळू रे पुता, हळू."

मग एक बकेट वर आलं ते काळं होतं. दात्यांमधून काळं पाणी ठिबकत होतं. ड्रायव्हरने यंत्र थांबवलं. खड्ड्याच्या तळाशी आधी नुसती ओल चमकली, मग तळहाताएवढं पाणी, मग ताटाएवढं. मॅडमनी फोटो काढले, काम थांबवायचा आदेश तिथेच बॉनेटवर लिहिला आणि त्याची प्रत प्रज्योतच्या हातात दिली. काकी रडत होती आणि मध्येच हसत होती. "माका याद होती रे," ती दिसेल त्याला सांगत होती. "माका बरोबर याद होती."

मास्तर घरी गेले ते पायऱ्यांनी. पद्मावतीबाईंना त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या आत निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी वाटेवर दोन लोखंडी खांब आणि साखळी आली. व्यायामाचा दिवस होता. रिक्षा खाली रस्त्यावर उभी राहिली. पद्मावतीबाई मास्तरांचा खांदा धरून उतरू लागल्या. दर पायरीला त्या थांबत. चाळिसाव्या पायरीवर त्या बसल्या आणि दहा मिनिटं उठल्या नाहीत. त्या तीन दिवसांत त्या नवऱ्याशी 'जेवायला या' याखेरीज एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि आताही बोलल्या नाहीत. मास्तरांनी रुमालाने त्यांचा घाम पुसायला हात पुढे केला, तर तो त्यांनी बाजूला सारला.

खाली पोचायला पाऊण तास लागला. काकी तांब्या घेऊन उभी होती. झरीचं नितळलेलं पाणी. पद्मावतीबाईंनी तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि एका दमात अर्धा संपवला. उरलेला मास्तरांपुढे धरला.

"पाणी गोड आसा," त्या म्हणाल्या. "पण माझो राग गेललो नाय हां. वर चढताना तो आणिक वाढतलो."

"वाढू दे," मास्तर म्हणाले. त्यांनी तांब्या रिकामा केला, काठी रिक्षात ठेवली आणि बायकोला आत चढायला हात दिला. या वेळी तिने तो धरला.